सगुणा घोडी म्हशाला जाते

१८ जानेवारी १९५९, रविवार. सकाळी अंगणात बसून मी टांग्याच्या चामडी पट्ट्यांना एरंडेल चोळत होते. नाशकात आमचे दोन टांगे आहेत. ते हाकायला माणसं आहेत, गिऱ्हाइकांशी बोलायला आमचे हे आहेत आणि जनावर बिघडलं की बघायला मी आहे. माझं लहानपण वडिलांच्या तबेल्यात गेलं, त्यामुळे हे काम आपोआप माझ्याकडे आलं.

शहापूरची एक बाई पंचवटीत स्नानाला आली होती. ती दारात उभी राहून म्हणाली, "तुमच्या बहिणीनं निरोप दिलाय. घोडी उभी राहते, लवकर या."

निरोप एवढाच होता. घोडी उभी राहते ही तक्रार मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. आमच्याकडे घोडी बसली तर माणसं धावत येतात. पट्ट्या तशाच ठेवल्या, हात धुतले आणि लुगडी बांधायला घेतली.

आसनगाव

इगतपुरीचा घाट उतरून गाडी कसाऱ्याला आली की हवा बदलते. नाशकाची कोरडी थंडी वर राहते आणि खाली अंगावरची शाल काढावी लागते. आगगाडीतलं बाकी काही सांगण्यासारखं नाही. आसनगावला उतरलं की समोर माहुलीचा डोंगर दिसतो. त्याचे सुळके असे उभे आहेत की कुणीतरी खुंट्या ठोकून वर काही टांगायचं विसरून गेलंय असं वाटतं.

स्टेशनाबाहेर पिंपळाखाली टांगे उभे होते. त्यांतल्या एकावर माझ्या बहिणीचे, सुशीलेचे, सासरे आबा बसले होते. सत्तरी ओलांडलेले, अंगात बंडी, डोक्याला फेटा. कानांनी त्यांना फार कमी ऐकू येतं. मी पाया पडले तेव्हा म्हणाले, "बस गो बाय, आजून तिघं यायची हायेत."

माझ्यासाठी ते वेगळा टांगा करणार नव्हते, हे मला आवडलं.

मग तिघं आली. एक मास्तर, एक पाटीवाली, एक पानाचा व्यापारी. कुणी काही बोललं नाही. एकेक जण चढून बसला आणि शेवटी बसलेल्या व्यापाऱ्याने बाजूच्या फळीवर फाडकन थाप मारली. त्याबरोबर घोडी निघाली. आबांनी लगाम हातात घेतला तो टांगा रस्त्याला लागल्यावर.

आमच्या नाशकात असं नसतं. आमचा टांगेवाला आधी ओरडून सवाऱ्या गोळा करतो, दोन मिळाल्या तरी टांगा जरा पुढे घेतो म्हणजे बसलेल्यांना वाटतं निघालो, आणि जिभेने टक् केल्याशिवाय घोडं पाय उचलत नाही. इथे सगळा कारभार मुकाट्याने. मी मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "आबांना ओरडून सांगितलं तरी ऐकू येत नाही. घोडीला येतं."

मला गंमत वाटली. मग मी भाताच्या कापलेल्या शेतांकडे बघत बसले आणि ती गोष्ट विसरले. त्या विसरण्याने पुढचे काही दिवस फुकट गेले.

शहापूर

सुशीलेचं घर बाजारपेठेच्या मागे आहे. पुढे ओटा, बाजूला घोडीचा गोठा, परसात पेंढ्याची उडवी. तिने तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी वाढली. आमच्या बाजरीच्या भाकरीला चावावं लागतं, ही घशात आपली आपण उतरते. तीन खाल्ल्या तरी जेवल्यासारखं वाटलं नाही, म्हणून चौथी घेतली. जेवता जेवता सुशीलेने हकिगत सांगितली.

मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत दरवर्षी शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतले टांगेवाले शर्यत लावतात. सुशीलेचा नवरा वसंता भाताच्या गिरणीत कामाला आहे. टांगा रोज आबा हाकतात, पण शर्यतीला मात्र वसंता बसतो. ओळीने दोन वर्षं सगुणा चुन्याच्या रेघेवर आली आणि तिथेच उभी राहिली. बाकीचे टांगे जाऊन परत आले तरी ती उभीच. चाबूक मारला तर थरथरली, घामाने भिजली, पण जागची हलली नाही. तेव्हापासून शहापुरात वसंताला लोक 'खांब' म्हणतात. स्टेशनावर उतरलेली माणसं आबांच्या तोंडावर विचारतात, "चालंल का हो आबा तुमची घोडी, का आमी ढकलू?" आणि दुसऱ्या टांग्यात जाऊन बसतात.

वसंता गिरणीतून आला तो अंगावर कोंडा घेऊन. माझ्याशी तो आदबीने बोलतो.

"आक्का, तुमी आलात ते बरं केलंत. पन मी बोलून बसलोय. घोटीचा दलाल म्हशाला येतो. त्याला शब्द दिलाय, यंदा घोडी पळली तर माजी, उभी राह्यली तर थितंच तुजी."

"आणि टांगा?"

"घोडी नाय तर टांगा काय करायचा? लाकूड हाय, जळंल."

ओट्यावर आबा सुपारी कातरत होते. त्यांना ऐकू येत नाही असं सगळे धरून चालतात. ते सुपारीकडे बघतच म्हणाले, "मी नाय येत म्हशाला. इकायची तर माज्या पाठी इका. मंग सकाळी उठून मी कुठं जाऊ तेवडं सांगून ठेवा."

वसंता अंगावरचा कोंडा झटकत राहिला. सुशीलेने विस्तव सारखा केला. काम काय आहे ते मला नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावाबाहेरच्या मोकळ्या शेतात वसंताने घोडी पळवून दाखवली. कापलेल्या भाताच्या धसकटांवरून ती अशी गेली की टांग्याची चाकं जमिनीला अधूनमधूनच लागत होती. तांबूस रंगाची, बुटकी, छातीने रुंद घोडी. पाय स्वच्छ, दम चांगला. लगाम सैल सोडताच निघायची, ओढताच थांबायची. तिच्यात मला काही खोड दिसली नाही.

"म्हशाला रेघेवर नेण्याआधी काय काय करता?" मी विचारलं.

वसंताने जे सांगितलं ते ऐकून घोडीच्या जागी मी असते तरी उभी राहिले असते. पहिल्या वर्षी कपाळाला गुलाल आणि पायापुढे नारळ. ती उभी राहिली म्हणजे दृष्ट लागली, असं ठरलं. म्हणून दुसऱ्या वर्षी गुलाल दुप्पट, नारळ पाच, गळ्यात लिंबू-मिरच्यांची माळ, शिवाय नाकाखाली मिरच्यांची धुरी. वाजंत्री दोन्ही वर्षी कानाशी. यंदा त्यांचा विचार कोंबडंही उतरवायचा होता.

"कोंबडं आपण खाऊ," मी म्हटलं.

मी ठरवलं की घोडी गर्दीला आणि आवाजाला भ्याली आहे. अशा घोड्याचं औषध मला माहीत आहे. त्याला गर्दीत न्यायचं, काही करायला लावायचं नाही, गूळ द्यायचा आणि परत आणायचं. रोज सकाळी आबा स्टेशनावर जायच्या आत मी तिला हाताने धरून बाजारपेठेत नेलं. कासाराच्या दुकानापुढे, मशिदीपुढे, तांब्याची भांडी ठोकतात त्या गल्लीत. पहिल्या दिवशी तिने कान टवकारले. नंतर नंतर ती तांबटाच्या ठोक्यांवर पेंगायला लागली. तांबट म्हणाला, "बाय, माज्या पोरालाबी जरा हितं आणून निजवा, घरी निजत नाय."

मी समाधानाने घरी आले. सुशीला म्हणाली, "आक्का, तू ह्यांच्याबरोबर एकटी म्हशाला जाणार? लोक काय म्हणतील?"

"लोक घोडीकडे बघतील," मी म्हटलं.

निघताना आबा गोठ्यात गेले. घोडीच्या मानेवरून हात फिरवला, एक पट्टा उगाचच सोडून परत आवळला आणि ओट्यावर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले.

किन्हवली

शहापूरहून म्हशाला जायचं तर किन्हवली, सरळगाव, मुरबाड असा रस्ता आहे. रस्ता म्हणायचा कारण दुसरा शब्द नाही. मुरूम, धूळ आणि मधेमधे ओढे. दोन्ही बाजूंना मोहाची आणि सागाची झाडं, सागाची वाळलेली पानं एवढी मोठी की पडताना आवाज होतो. वाड्यांतली माणसं डोक्यावर मोळ्या घेऊन ओळीने चाललेली भेटली. पुढची बाई थांबली की सगळी ओळ थांबते, आणि कुणी कुणावर आदळत नाही. नाशकाच्या मेनरोडवर हे जमत नाही.

वाटेत ओढ्यात एक चाक रुतलं. वसंताने खांदा लावला, मी घोडीला धरलं. निघताना माझी एक चप्पल ओढ्याने ठेवून घेतली. दुसरी मी किन्हवलीला एका म्हातारीला दिली. तिने ती उलटसुलट करून बघितली आणि "दुसरी कवा आणशील?" असं विचारलं.

किन्हवलीला त्या दिवशी बाजार होता. म्हशाला निघालेले आणखी दोन टांगेही तिथे थांबले होते. वसंता म्हणाला, हितंच करून बघू. बाजाराच्या टोकापासून तळ्यापर्यंत, तिघांनी पळवायचं. बघता बघता माणसं जमली. मी गुलाल आणू दिला नाही, नारळ लांब फोडायला लावला, हलगीवाल्याला चहा प्यायला पाठवलं. सगुणाच्या कानामागे खाजवून मी बाजूला झाले.

फडकं खाली पडलं. दोन टांगे गेले. सगुणा उभी राहिली.

ती थरथरली नाही, घामही आला नाही. एक पाय जरासा मुडपून, डोळे अर्धे मिटून उभी होती. वसंताने लगाम हलवला, हाका मारल्या, चाबूक उगारला. तिने कान मागे वळवले आणि परत पुढे केले. माझ्या सगळ्या शिकवणीचा परिणाम एवढाच झाला होता की पूर्वी ती घाबरून उभी राहत होती, आता न घाबरता उभी राहिली.

"खांब रे खांब!" कुणीतरी ओरडलं. शहापूरची बातमी आमच्या आधी पोचली होती.

"आक्का," वसंता खाली उतरून म्हणाला, "घोटीवाल्याला उगाच म्हशापर्यंत कशाला थांबवायचं?"

आम्ही तळ्यावर घोडीला पाणी पाजलं, भाकरी खाल्ली आणि उन्हं कलल्यावर निघालो. बाजार उठत होता. माणसं रस्त्यावर घोळक्याने उभी होती. त्या घोळक्याजवळ आलो आणि सगुणा पुन्हा थांबली. वसंताने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात सुक्या मासळीची पाटी घेतलेली एक दांडगी बाई पुढे आली. तिने पाटी टांग्यात सरकवली, माझ्या मांडीवर हात टेकून वर चढली, ऐसपैस बसली आणि बाजूच्या फळीवर फाडकन थाप मारली.

सगुणा निघाली. निघाली म्हणजे कशी, चांगल्या दुडक्या चालीने.

"म्हशाला ना?" बाई म्हणाली. "मीबी थितंच. मी ताराबाय. कल्यानची. काय बगतंस गो अशी? कदी मच्छी नाय बगलीस?"

मी तिच्याकडे बघतच नव्हते. मी त्या फळीकडे बघत होते.

सरळगावच्या वाटेवर

आसनगावच्या पिंपळाखाली जे पाहिलं होतं ते तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उतरलं. सगुणा रोज दिवसभर करते काय? जिथे माणसं जमलीत तिथे जाऊन उभी राहते. सवाऱ्या चढल्या, शेवटच्याने फळीवर थाप मारली, की निघते. मालकाला ऐकू येत नाही म्हणून निघायचं ते तिलाच ठरवावं लागतं. शेतात माणसं नसतात, तिथे ती लगामावर पळते. पण जत्रेत, एवढी शेकडो माणसं समोर उभी असताना, एकही सवारी न घेता निघायचं? तिच्या हिशेबी हा बेजबाबदारपणा होता. आणि तसं न केल्याबद्दल दोन वर्षं तिला चाबूक खावा लागला. मग थरथरेल नाही तर काय करेल.

मी हे वसंताला सांगितलं. तो म्हणाला, "आक्का, घोडी हाय ती, स्टेशनमास्तर नाय."

म्हणून सरळगावच्या नाक्यावर, जिथे मुरबाडकडची माणसं उभी असतात, तिथे प्रयोग केला. आम्ही दोघी उतरलो. सगुणा उभी. वसंताने लगाम हलवला, काही नाही. मी खालूनच फळीवर थाप मारली. तिने मान किंचित वळवली, आणि उभी. तिला फसवता येत नव्हतं. मागे माणूस चढला की टांग्याच्या दांड्या वर उचलल्या जातात, ते तिला पाठीवर कळतं. मग मी एकटी चढले आणि थाप मारली. ती दहा पावलं गेली आणि दुसऱ्या घोळक्याशी थांबली. एका सवारीसाठी एवढ्या लांब जायची तिची तयारी नव्हती. शेवटी ताराबाय पाटीसकट चढली, थाप मारली, आणि सगुणा निघाली ती थांबलीच नाही. नाका मागे पडल्यावर वसंता म्हणाला, "माज्या बापानं आमाला कुणाला नाय शिकवलं येवडं, घोडीला शिकवलंन."

"शर्यतीत सवाऱ्या चालतात का?" मी विचारलं.

"कुणी इचारलंच नाय कदी."

मी ताराबायकडे वळले.

"मी?" ती म्हणाली. "माजी पाटी कोन बगंल?"

"पाटी बरोबर घे."

"आनि पडलो तर?"

"तू माझ्यावर पड. मी मऊ आहे."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तिची खात्री पटली.

म्हसा

म्हशाची जत्रा पौषी पौर्णिमेला भरते. मुरबाडहून जाताना समोर सह्याद्रीची भिंत दिसते, त्यात सिद्धगड आणि गोरखगड. डोंगराच्या पायथ्याशी जिकडे बघावं तिकडे बैल. शिंगं रंगवलेले, पाठीवर झुली घातलेले, दावणीला ओळीने बांधलेले. खरेदी करणारे दात बघतात, शेपटी उचलतात, आणि मग रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात. तोंडाने आकडा सांगत नाहीत. घोंगड्यांचा बाजार निराळा, भांड्यांचा निराळा. मी एक घोंगडी घेतली. नाशकात मिळतात त्यापेक्षा जाड आहे आणि अजून तिला मेंढीचा वास आहे. म्हसोबाच्या देवळापुढे रांग लागली होती. आमच्याकडे देवळात रांग असते तेव्हा पुढे घुसणारा माणूस ओळखीचा पुजारी शोधतो. इथे सगळ्यांनाच पुजारी ओळखत होता, त्यामुळे कुणाचा उपयोग होत नव्हता.

घोटीचा दलाल आम्हाला शोधत आला. बारीक मिशीचा, हातात वेताची काठी. त्याने सगुणाचे दात बघितले, खूर बघितले, समाधानाने मान हलवली.

"वसंतराव, दोरी आणलीय मी," तो म्हणाला.

"शर्यत व्हऊ दे," वसंता म्हणाला.

शर्यत होती दुसऱ्या दिवशी, जत्रेच्या कडेच्या मुरमाच्या रस्त्यावर. एका आंब्यापासून दुसऱ्या आंब्यापर्यंत. पहिल्या आंब्याशी माणसं, दुसऱ्या आंब्याशी माणसं, मध्ये मोकळं. पाच टांगे होते. चौघांनी टप काढून टाकले होते, बसायच्या गाद्याही काढल्या होत्या, हाकणारे पोरसवदा आणि काटकुळे. पाचव्या टांग्याच्या मागे मी, नऊवारीचा काचा घट्ट मारून, आणि चढायच्या तयारीत असलेली ताराबाय.

पंच काळी टोपी घातलेला गृहस्थ होता. तो आमच्याकडे आला.

"बायांनो, बाजूला व्हा. शर्यत सुटायची हाय."

"आम्ही शर्यतीतच आहोत," मी म्हटलं.

"टांग्यात हाकणारा फक्त."

"असा नियम आहे का?"

त्याने बाकीच्या पंचांकडे बघितलं. कुणाला नियम आठवेना, कारण वजन वाढवून शर्यतीला उतरणारं आजवर कुणी आलंच नव्हतं. शेवटी मुरबाडचा एक टांगेवाला म्हणाला, "बसू द्या की! पोती घाला म्हनावं आजून दोन. हितं उभी राह्यली तर बायांना बसायला तरी हुईल."

सगळे हसले. पंचही हसला आणि बाजूला झाला.

मी चढले. दांड्या उचलल्या गेल्या, सगुणाचा एक कान मागे वळला. ताराबायने पाटी आत ठेवली, पदर खोचला आणि चढली. दुसरा कान वळला. पाठ ताठ झाली. वसंताच्या मानेवर घाम दिसत होता. तो पुढे बघत हळूच म्हणाला, "आक्का, थाप तुमीच मारा. माजे हात नाय चालत."

फडकं पडलं. मी फळीवर अशी थाप मारली की अजून तळहात दुखतो.

सगुणा सुटली. मला आमच्या नाशकाच्या टांग्यांत बसून बसून एवढंच माहीत होतं की घोडं पळतं तेव्हा झाडं मागे जातात. इथे झाडं दिसलीच नाहीत. ताराबाय माझ्या गळ्याला मिठी मारून "अगो बाय! अगो बाय!" एवढंच म्हणत होती. बोंबील पाटीतून उडून रस्त्यावर पडत होते, आणि मागच्या टांग्याचा घोडा त्यांना बुजून बाजूला झाला. आम्ही तसं ठरवून केलं नव्हतं. मोकळ्या रस्त्यावर ती एकेका टांग्याला मागे टाकत गेली, आणि शेवटचा टांगा मागे पडला तेव्हा वसंता ओरडला. काय ओरडला ते लिहिण्यासारखं नाही.

मग दुसरा आंबा आला, आणि त्याच्या अलीकडे माणसं.

तिची चाल कमी व्हायला लागली तशी माझ्या लक्षात आलं की ही गोष्ट आम्ही कुणी विचारात घेतली नव्हती. माणसं दिसली, स्टँड आला. सगुणा रेघेच्या थोडं अलीकडे, गर्दीला अगदी बरोबर लागून, सवाऱ्यांना उतरायला सोपं जाईल अशी व्यवस्थित उभी राहिली. आणि ताराबाय पाटी उचलून उतरायला लागली.

"कुठे चाललीस?"

"आलं नाय का?"

मी तिला पदराला धरून आत ओढलं. ती माझ्यावर बसली. दांड्या उचलल्या गेल्या. मी थाप मारली. तेवढ्यात एक टांगा शेजारून निघून रेघेपलीकडे गेला. त्याच्या मागोमाग सगुणा गेली. बाकी तिघे आमच्या मागे.

दुसरा नंबर. बक्षीस पहिल्याला होतं, एक पितळी घागर. आम्हाला काही नव्हतं. वसंता खाली उतरला, घोडीच्या मानेला कपाळ टेकवून उभा राहिला. मग नाक पुसून माझ्याकडे न बघता म्हणाला, "धूळ फार हाय हितं."

दलाल काठी हलवत आला.

"पळली खरी," तो म्हणाला. "दोन पैसे जास्त घे, पन दे मला."

"पळली तर माजी, असं ठरलंय."

"ठरलंय ते ठरलंय. पन इकायची झालीच, तर ह्या दोन बाया संगं द्याव्या लागतील. त्यांच्याबिगर काय करू मी हिला?"

"आमाला बाळगायला तुला घोटी इकाया लागंल, मेल्या!" ताराबाय पाटी सावरत म्हणाली. लोक हसले, वसंता हसला, आणि दलाल दोरी खांद्यावर टाकून बैलबाजाराकडे गेला. उरलेली मासळी ताराबायने तिथेच आंब्याखाली विकली. शर्यतीत पळालेले बोंबील म्हणून लोक मागून घेत होते. मला तिने एक जुडी फुकट दिली.

पुन्हा आसनगाव

परत येताना वाट तीच, ओढे तेच. माझी चप्पल मिळाली नाही. आम्ही शहापुरात शिरलो तेव्हा आबा ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसलेले होते. ऐकू येत नसल्यामुळे त्यांनी मान वळवली नाही. सगुणा स्वतःच ओट्याला लागून उभी राहिली आणि तिने त्यांच्या फेट्याचं टोक तोंडात धरलं. आबांनी फेटा सोडवून घेतला, परत बांधला आणि म्हणाले, "संध्याकाळची गाडी याची येळ झाली. पानी पाजा तिला."

शर्यतीची हकिगत मी त्यांना मोठ्याने सांगितली, वसंताने सांगितली, सुशीलेने हातवारे करून सांगितली. आबांनी ऐकून घेतलं. "बरं, बरं," म्हणाले. एवढी पळाली यावर त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

मीही त्यांच्याबरोबर स्टेशनावर गेले. गाडी आली. शर्यतीची बातमी आधीच पोचली होती आणि जी माणसं इतके दिवस दुसऱ्या टांग्यांकडे जात होती, ती सगळी आमच्याकडे धावली. कसेबसे चार जण बसले, मास्तर त्यांतलेच. मी पिंपळाखाली उभी राहून बघत होते. सगुणाचे दोन्ही कान मागे वळले, पाठ ताठ झाली. शर्यतीच्या रेघेवरचं ते लक्षण मी ओळखलं, पण ओरडेपर्यंत मास्तरांनी फळीवर थाप मारली.

टांगा गेला. धुळीत मास्तरांची टोपी आणि एकाचा जेवणाचा डबा एवढंच मागे राहिलं. मी दोन्ही उचलले आणि चालत शहापूरला आले. नाक्यावर टांगा उभा होता. सवाऱ्या उतरून एकमेकांना धरून उभ्या होत्या. आबा जागेवरच बसलेले, फेटा सुटून गळ्यात, आणि चेहरा असा की मी त्यांना ओळखलंच नसतं.

"बाय गो," ते म्हणाले, "पळते!"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने मी नाशकाला परतणार होते. ती गाडी आसनगावला आली आणि गेली, ती मी बघितली. मी टांग्यात मागे बसले होते. पुन्हा पुन्हा उतरत होते, चढत होते, फळीवर अगदी हलकी थाप मारत होते, आणि पुढे आबा सगुणाचा लगाम दोन्ही हातांनी धरून तिला सांगत होते, "सावकाश गो पोरी. सावकाश."